उडालेला गुलाबी

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या घराच्या मागच्या दारी, डालड्याच्या डब्यात, गावठी गुलाब होता. पहाटे उमलायचा आणि ऊन चढलं की पाकळ्या टाकून मोकळा व्हायचा. त्याआधीच आजी फुलं खुडायची. एक अंबाबाईला, बाकीची खडीसाखरेबरोबर गुलकंदाच्या बरणीत. एलिमेंटरीच्या चित्रकला परीक्षेच्या सरावाला एखादं मिळावं म्हणून तिच्याशी भांडावं लागे. मिळालं की मी घाईघाईनं क्रिमसन लेक कालवायचो. ड्रॉइंगचे सर म्हणायचे, "लाल ठेव बाजूला. आधी सावली बघ, कुठल्या रंगाची आहे ती." बघितलं, तर पाकळीच्या पोटातली सावली हिरवट, करडी.

तसा करडा पुढं टाऊन हॉलच्या संग्रहालयात भेटला, आबालाल रहिमानांच्या चित्रांत. शाहू महाराजांच्या दरबारचा हा चित्रकार रंकाळा, संध्यामठ, कोटीतीर्थ इथं रमला. गुलाब शिकायला कुणी त्यांच्याकडे जाणार नाही. मी मात्र पाकळीची घडी रंगवायला त्यांच्या पाण्यावरून आणि ओल्या दगडांवरून शिकलो. कोल्हापूरच्या जलरंगांची ताकद त्या करड्यात आहे, असं माझं मत. मित्र यावरून वाद घालतात, घालोत.

नोकरी लागल्यावर गच्चीवर कलमी गुलाब आले. पाऊस सरला की ऑक्टोबरात छाटणी, मग साधारण दीड महिन्यानं बहर. महावीर उद्यानातल्या पुष्पप्रदर्शनात ताठ देठाचं, बिनडागी, अर्धवट उमललेलं फूल बक्षीस मिळवतं. मला हवं असतं ते त्याच्या दोन दिवस पुढचं. पाकळ्यांच्या कडा मागं वळलेल्या, उन्हानं जरा करपलेल्या, मधले पुंकेसर उघडे पडलेले. परीक्षक अशा फुलाकडे बघतही नाहीत. शिरोळकडच्या हरितगृहांतले गुलाब तर मी रंगवतच नाही. सगळे एका साच्यातले, आणि उमलायच्या आत बाजारात गेलेले.

घरातल्या पश्चिमेच्या भिंतीवर माझी कॉलेजातली चित्रं टांगलेली आहेत. उन्हानं त्यांतला गुलाबी जवळपास उडाला. व्हॅन गॉगच्या गुलाबांचंही असंच झालं. त्यानं मे १८९० मध्ये, सेंट-रेमीचं रुग्णालय सोडता सोडता, फुलदाणीतले गुलाब रंगवले. ते आज पांढरे दिसतात. मूळचे गुलाबी होते. त्यानं वापरलेला तांबडा रंग उजेडात टिकणारा नव्हता. त्याचं चित्र तरीही उभं आहे, कारण पाकळ्यांचं वळण ब्रशच्या जाड फटकाऱ्यांनी बांधलेलं आहे. माझ्या चित्रांतली बरीचशी उभी राहिली नाहीत. ज्यांत सावली नीट पडली होती, त्या दोन-तीन चित्रांत मात्र फूल अजून ओळखू येतं, रंगाशिवाय.

आता पेटीत क्विनाक्रिडोनचा गुलाबी असतो. १९५८ पासून बाजारात आलेला हा रंग उन्हाला सहजी दाद देत नाही. महाग आहे, पण घेतो. करडा मनासारखा बसेपर्यंत त्या ट्यूबचं झाकण उघडत नाही. त्यामुळे एक ट्यूब बरीच वर्षं पुरते.