जुनी गाडी, नव्या तारा

‘जुनें तें सोनें’ ही म्हण ज्यानें प्रथम उच्चारली, त्याच्या दारीं जुनी मोटारगाडी खास नसावी. सोनें पावसाळी सकाळीं रुसून बसत नाहीं, आणि त्याच्यासाठीं मेकॅनिकची मनधरणीहि करावी लागत नाहीं. सोनें जें जें करीत नाहीं, तें तें सारें माझ्या वडिलांनीं १९७८ सालीं घेतलेली पद्मिनी इमानेंइतबारें करीत आली आहे. घरांत तिला अजूनहि सर्वजण ‘फियाट’च म्हणतात.

कार्ब्युरेटर हें अशा गाडीचें मर्मस्थान. इंजिन हवा ओढतें. ती एका निमुळत्या गळ्यांतून वेगानें जातांना तिचा दाब उतरतो, आणि जेटच्या बारीक छिद्रांतून पेट्रोल आपोआप खेंचलें जातें. या व्यवस्थेंत मेंदू असा कोठेंच नसतो. तो असतो चालविणाऱ्याच्या कानांत. वडील बॉनेट उघडून क्षणभर ऐकत, ‘‘पेट्रोल जास्त जातंय,’’ म्हणत आणि स्क्रू पाव फेरा फिरवीत. इंजिनाची कुरबूर तेथेंच थांबे.

आज ते सत्याऐंशी वर्षांचे आहेत आणि त्यांना जवळजवळ ऐकूं येत नाहीं. त्यांतच पेट्रोलहि पालटलें. २०२५ सालापर्यंत देशभर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल रूढ झालें. इथेनॉल स्वतःबरोबर प्राणवायु घेऊन येतें. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनानें सुमारें १४.७ भाग हवा लागते; या मिश्रणाला साडेतेराच्या आसपास पुरते. म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन अधिक हवें. जेटच्या छिद्राला याची वार्ता नसते. मिश्रण अशक्त पडतें, आणि इंजिन ठसकूं लागतें. पूर्वीं असलें दुखणें वडिलांच्या कानानें ओळखलें असतें.

माझ्या कन्येनें उपाय सुचविला. कार्ब्युरेटर उतरवून त्या जागीं विजेच्या हुकुमानें चालणारी इंधनफवारणी, म्हणजे फ्युएल इंजेक्शन, बसवावी. जुन्या गाड्यांचे भक्त असलेले आमचे एक स्नेही हें ऐकून हळहळले. त्यांना तो मूर्तिभंजनाचा प्रकार वाटला. पण मौज अशी, कीं ही ‘नवी’ विद्या आमच्या ‘जुन्या’ गाडीहून वडील आहे! जर्मनीच्या बॉश कंपनीची अशी यंत्रणा १९६७ सालींच अमेरिकेसाठीं बनविलेल्या फोक्सवॅगन गाड्यांत बसूं लागली होती.

वडिलांनीं विरोध केला नाहीं. एवढेंच म्हणाले, ‘‘काय लावायचं ते लाव बाळ, पण जुनी तार कापू नकोस.’’

या कामांत लोखंड थोडें आणि तारा फार. टाकीजवळ विजेचा पंप आला, धुराच्या नळींत प्राणवायु मोजणारा सेन्सर आला, आणि सर्वांच्या वार्ता ऐकणारी एक पेटी डॅशबोर्डखालीं बसली. पेटीला वीज थेट बॅटरीवरून दिली. तिला जागें करणारी तार मात्र स्विचच्या अशा टोकावरून घेतली, कीं स्टार्टर फिरत असतांनाहि प्रवाह तुटूं नये. पंपाला निराळा रिले आणि फ्यूज. सेन्सरच्या तारा इग्निशन कॉइलपासून दूर नेल्या. ठिणगीच्या गोंगाटांत त्यांची कुजबुज बुडून जाते. अर्थिंगसाठीं रंग खरवडून पत्रा उघडा केला. मंद गतीला डायनॅमोची वीज पुरेना, म्हणून अल्टरनेटर आला. हा सारा नवा जुडगा जुन्या तारांना न दुखवितां निराळ्या वाटेनें गेला. कार्ब्युरेटर तेलाच्या फडक्यांत गुंडाळून कपाटांत ठेवला आहे.

पहिल्या दिवशीं वडील तिच्या शेजारीं बसले. थोड्या वेळानें त्यांनीं विचारलें, ‘‘चालू कधी करतेस?’’ गाडी केव्हांच चालू झाली होती. तिनें त्यांचा हात धरून डॅशबोर्डवर टेकविला. ती बारीक थरथर जाणवतांच ते हंसले, आणि मग बराच वेळ कांहीं बोलले नाहींत.

त्या मौनाचा अर्थ मीं विचारला नाहीं. त्यांच्या कानांतलें शास्त्र आतां त्या पेटींत आहे, आणि पेटी तें अचूक जाणते. पण ती कोणाला कांहीं शिकवीत नाहीं, हीहि गोष्ट खरी. स्नेह्यांची हळहळ मला तेवढ्यापुरती पटते. तरी पेटी नसती तर गाडी आच्छादनाखालीं उभी राहिली असती, आणि वडील घरांत. दुरुस्ती करणाऱ्यानें मागें फिरण्याची वाट मोकळी ठेवावी, एवढी सभ्यता पाळली म्हणजे पुरे, असें मला आतां वाटतें. उद्यां कोणाला कार्ब्युरेटर पुन्हां बसवावासा वाटला, तर तो बसेल.

चोकची मूठ मुलीनें मुद्दाम जागच्या जागीं राहूं दिली आहे. तिच्यामागें आतां कांहीं जोडलेलें नाहीं, हें वडिलांना पक्कें ठाऊक आहे. तरी गाडींत बसले कीं ते ती एकदां ओढतात. नात ती पुन्हां आंत ढकलते आणि किल्ली फिरविते.