पोत्याच्या मधली मूठ

रविवार, ५ ऑक्टोबर २०२५, अकोला

दसऱ्याचं सोनं द्यायला तीन दिवस उशिराने जठारपेठेत ताईकडे आलो. भाचा खोलीतून बाहेरच येईना. "काय झालं बे?" विचारलं तर म्हणाला, "मामा, तीन हजार पाण्यात गेले." उन्हाळ्यापासून साठवलेल्या पैशांतून त्याने एक मोठा रोलप्लेइंग गेम घेतला होता. पंधरा-वीस तास मजेत गेले. मग गोष्टीतलं मोठं शहर आलं आणि चित्र अडखळायला लागलं. पाच पावलं चालायची, थांबायचं, पुन्हा पाच पावलं. पैसे परत मागायची मुदत केव्हाच उलटून गेली होती. गेमचं नाव इथे लिहीत नाही; पुढेमागे दुरुस्त होईलही.

ताईने पोहे पुढे ठेवत विचारलं, "घ्याच्या आंधी पाहून नाई घेता येत काय? लुगडं तं आपण उलगडून पाह्यतो." आम्ही दोघंही खाली मान घालून पोहे खात राहिलो.

सोमवार, ६ ऑक्टोबर, अमरावती

मूर्तिजापूरवरून परतलो. जून २०२२ मध्ये याच अमरावती–अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीजमध्ये नाव लागलं होतं. विक्रमाच्या बातम्या तेव्हा सगळ्यांनी वाचल्या. रस्ता कसा आहे ते मात्र गाडी घातल्यावरच कळतं.

कोजागिरीचं दूध आटेपर्यंत जुनी खोकी काढली. 'डिजिट' मासिकाच्या सीडी अजून आहेत. कॉलेजात असताना राजकमल चौकातून ते मासिक आणायचो ते लेखांसाठी नव्हे, सीडीतल्या डेमोंसाठी. पूर्ण गेम घ्यायची ऐपत नव्हती, त्यामुळे एकच टप्पा पन्नास वेळा खेळायचा. त्याच्याही आधी, १९९३ मध्ये, 'डूम'वाल्यांनी तीन भागांपैकी पहिला अख्खा भाग फुकट वाटला होता. आवडला तर पैसे पाठवून बाकीचे मागवा! माल चोख असल्याची खात्री असलेला दुकानदारच असं करतो.

बुधवार, ८ ऑक्टोबर

भाच्याचा फोन आला. "पण मामा, स्टीमवर पैसे वापस भेटतात ना?" भेटतात. या ऑनलाइन गेम-दुकानाचा २०१५ पासून नियम आहे: घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि खेळणं दोन तासांपेक्षा कमी. नेमबाजीच्या गेमला दोन तास पुष्कळ झाले. रोलप्लेइंगमध्ये तेवढ्यात आपल्या पात्राचं नाक बसवून होतं, गावातल्या म्हातारीचं गाऱ्हाणं ऐकून होतं आणि पहिली तलवार हाती येते. गेम शंभर तासांचा, परीक्षा दोन तासांची. त्यात 'बाल्डर्स गेट ३'सारखा गेम १५० जीबी जागा मागतो. एवढं उतरवून घ्यायचं आणि दोन तासांत परत करायचं, म्हणजे नेटचा महिन्याचा कोटा गेला तो गेलाच.

नाकावरून आठवलं. मार्च २०२४ मध्ये 'ड्रॅगन्स डॉग्मा २' यायच्या आधी कंपनीने फक्त पात्र घडवायचं साधन फुकट दिलं. लोकांनी हौसेने भुवया कोरल्या. २२ मार्चला गेम आला तेव्हा गर्दीच्या शहरात चांगले चांगले संगणकही रखडले. शहर आधी कोणाला दाखवलंच नव्हतं.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

आज दुपारी बाजार समितीकडून गेलो. ओलं सोयाबीन, त्याला लावलेले भाव, तोंडं पडलेले शेतकरी. तिथे बाबांची आठवण झाली. अडत्याकडे पोतं उतरलं की व्यापारी तोंडाशी असलेले दाणे बघतसुद्धा नसे. टोकदार पोकळ नळी पोत्याच्या पोटात खुपसायचा आणि आतले दाणे तळहातावर घ्यायचा. तोंडाशी चांगला माल सगळेच ठेवतात, हे त्याला ठाऊक आणि आपल्यालाही ठाऊक. राग कोणी मानत नसे.

गेमचे डेमो बहुधा पोत्याच्या तोंडाशी असलेले दाणे असतात. पहिला तास घासूनपुसून लख्ख केलेला असतो, कारण तोच परीक्षकांना दाखवायचा, तोच जत्रेत मांडायचा. 'बाल्डर्स गेट ३'चंच बघा. ६ ऑक्टोबर २०२० ला त्याचा पहिला अंक विकायला काढला, लोकांनी जवळजवळ तीन वर्षं तो खेळून चुका सांगितल्या आणि ३ ऑगस्ट २०२३ ला पूर्ण गेम आला. पहिला अंक सोन्यासारखा. तक्रारी आल्या त्या तिसऱ्या अंकाच्या, मोठ्या शहराच्या, जो आधी कोणी खेळलाच नव्हता. गेम थोर आहे, त्याबद्दल वाद नाही. पण नळी जिथवर गेली तिथवरच माल निवडला गेला.

अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची शिवार फेरी मला म्हणूनच आवडते. शेजारी शेजारी वाण उभे असतात. कुठला उंच, कुठला रोगट, हे बांधावरून दिसतं. बियाणं कंपनीच्या डेमो प्लॉटवर मात्र जमीनही तिने निवडलेली, पाणीही तिनेच दिलेलं.

रविवार, १२ ऑक्टोबर

दिवसभर स्वतःशीच भांडण. स्टुडिओंची बाजू खोटी नाही. जेसी शेल या अमेरिकन गेमकाराने २०१३ च्या डाइस परिषदेत आकडे मांडले होते: एक्सबॉक्स ३६० वर ज्या गेमचं ट्रेलर आलं पण डेमो आला नाही, त्यांचीच विक्री सर्वांत जास्त. ट्रेलर भूक लावतं, डेमो ती भागवतो. मला त्या आकड्यांत एक खोट दिसते: मोठ्या नावाच्या गेमना डेमोची गरजच वाटत नव्हती, ते तसेही खपले असते. तरी भीती समजते.

लहानांचं तर वेगळंच. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' रोलप्लेइंग नाही, पण आपल्याकडचं उदाहरण म्हणून तोच डोळ्यांपुढे येतो. २०१७ मध्ये किकस्टार्टरवर पैसे जमले नाहीत. गेम पुरा व्हावा म्हणून स्टुडिओच्या श्रुती घोष यांनी घर विकलं. ऑगस्ट २०२० मध्ये तो निन्टेन्डो स्विचवर आला आणि त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गटात नामांकन मिळालं. अशा मूठभर माणसांना 'आधी महिनाभर डेमो घडवा' असं मी घरात बसून सांगणं शोभत नाही. डेमो म्हणजे गेमचा तुकडा कापून देणं नव्हे. त्याला वेगळी सुरुवात, वेगळा शेवट, वेगळी तपासणी लागते.

पण शेकडो माणसं आणि जाहिरातींचे डोंगर असलेल्यांना ही सवलत मी देणार नाही. १० डिसेंबर २०२० ला 'सायबरपंक २०७७' आला. जुन्या प्लेस्टेशनवर त्याची जी दैना झाली ती आठवडाभरही लपली नाही. १८ डिसेंबरला सोनीने तो आपल्या दुकानातून काढला आणि २१ जून २०२१ पर्यंत परत घेतला नाही. जुन्या यंत्रावरचा एक तासाचा डेमो आधी दिला असता तर तारीख पुढे ढकलावी लागली असती. नामुष्की तेवढ्यावर निभावली असती.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

काल रात्री स्टीमचा नेक्स्ट फेस्ट सुरू झाला. आठवडाभर शेकडो डेमो फुकट. भाचा रात्री दोनपर्यंत जागा. ताई माझ्यावर चिडली आहे.

त्याला दोन जुनी उदाहरणं सांगितली. 'ऑक्टोपॅथ ट्रॅव्हलर'चा डेमो गेमच्या दहा महिने आधी, सप्टेंबर २०१७ मध्ये आला. खेळणाऱ्यांची मतं मागवली. पात्र भराभर चालावं, प्रसंग वगळता यावेत, असे बदल त्यातून झाले. दुसरं 'फायनल फॅन्टसी १६'चं. त्याच्या डेमोत सुरुवातीचे दोन तास तर होतेच, शिवाय गोष्टीतल्या पुढच्या लढाईचा एक वेगळा तुकडा होता. आणि डेमोत जिथवर पोचलात तिथून पुढे पूर्ण गेम सुरू. संगणकावर डेमो १९ ऑगस्ट २०२४ ला आला आणि गेम १७ सप्टेंबरला. आपलं यंत्र तपासायला जवळपास महिना. मला हवी ती वानगी हीच: पोत्याच्या मधली मूठ, आणि ती तळहातावर घेऊन पाहायला पुरेसा वेळ. वऱ्हाडातल्या पोट्ट्याकडे सहा वर्षांपूर्वीचं ग्राफिक्स कार्ड असतं. गोष्ट चांगली आहे का, हा त्याचा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न, आपल्या डब्यावर चालेल का?

भाच्याने तोच डेमो रात्री डाउनलोडला लावून ठेवला.

शनिवार, १८ ऑक्टोबर, अकोला

धनत्रयोदशी. भाच्याच्या डब्यावर डेमो सुरू झाला, पण लढाईच्या तुकड्यात पंखा विमानासारखा ओरडायला लागला आणि चित्र गोठलं. दोष गेमचा नाही, कार्डच जुनं. अर्ध्या तासात निकाल लागला, एक रुपया न जाता. "नाई घेत मामा," म्हणाला आणि डेमो पुसून टाकला. दिवाळीसाठी जमवलेल्या साडेतीन हजारांतले आठशे फटाक्यांना गेले. उरलेले सत्तावीसशे नव्या कार्डासाठी ताईकडे जमा आहेत.