गेम फुकट, डायमंड विकत

डोकेदुखी, झोप न लागणे, चिडचिड अशा तक्रारी घेऊन शाळकरी मुले आली आणि तपासणीत काही सापडले नाही, की हल्ली मी दोन प्रश्न विचारतो. मोबाईलवर कोणता गेम खेळतोस? आणि त्यात पैसे किती गेले? पहिल्याचे उत्तर लगेच मिळते. दुसऱ्या प्रश्नाला मुलगा आईकडे बघतो.

आमच्या लोणी देवकरच्या एमआयडीसीत काम करणारे एक गृहस्थ दहावीतल्या मुलाला घेऊन आले. तीन महिन्यांत खात्यातून थोडे थोडे करत नऊ हजार रुपये गेले होते. मुलाला पिन माहीत होता, कारण घरातले लाईट बिल आणि रिचार्ज तोच करायचा. मी कारण विचारले. तो म्हणाला, "सगळ्यांकडे भारी बंडल आहेत. साधे कपडे असले की ग्रुपमध्ये कुणी घेत नाही, बॉट म्हणतात." हे ऐकून वडील गप्प झाले.

गेम कसे बदलले?

आमच्या तरुणपणी टीव्हीला जोडायच्या गेमची कॅसेट एकदा विकत घेतली, की संपले. मारिओ सगळ्यांचा सारखाच. 2006 मध्ये बेथेस्डा कंपनीने 'ऑब्लिव्हियन' या गेममधल्या घोड्याचे चिलखत सुमारे अडीच डॉलरला वेगळे विकले, तेव्हा लोक हसले होते. आज तोच मुख्य धंदा आहे. गेम फुकट मिळतो, आणि कपडे, बंदुकीचे रंग, नाचाच्या स्टेप विकत.

मेंदूत काय होते?

फ्री फायरमध्ये डायमंड, बीजीएमआयमध्ये यूसी. रुपयांचे असे नाणे केले की खर्च जाणवत नाही. त्यात 'ऑफर आज रात्रीपर्यंतच' असे घड्याळ लावलेले असते. सर्वात चिवट भाग म्हणजे स्पिन आणि क्रेट: पैसे आधी द्यायचे, काय मिळेल ते नशिबावर. बक्षीस कधी मिळेल हे ठाऊक नसले की सवय घट्ट होते, हे स्किनर या मानसशास्त्रज्ञाने कबुतरे आणि उंदरांवरच्या प्रयोगांत दाखवले. 'पुढच्या वेळी नक्की' या आशेनेच डोपामिनची यंत्रणा जागी होते. म्हणून बेल्जियमने 2018 मध्ये अशा पेट्यांना जुगार ठरवले. आपल्याकडचा 2025 चा ऑनलाइन गेमिंग कायदा मुख्यतः पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांसाठी आहे. त्यामुळे घरची काळजी घरीच घ्यायला हवी.

पालकांनी काय करावे?

• यूपीआय पिन बदला आणि मुलांना सांगू नका. बिल भरायला मुलाची मदत जरूर घ्या, पण पिन स्वतः टाका.
• प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड लागेल असे करा.
• पैसे गेल्याचे कळताच गुगल प्लेवर परताव्याची विनंती करा. उशीर केल्यास शक्यता कमी होते.
• बँकेचे मेसेज आठवड्यातून एकदा वाचा. छोट्या रकमाच जास्त असतात.
• मारू नका. मार खाल्लेला मूल पुढच्या वेळी जास्त लपवते. डायमंडचा हिशोब रुपयांत त्याच्याकडूनच मांडून घ्या.

डॉक्टरांकडे कधी यावे?

गेम खेळणारे प्रत्येक मूल आजारी नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत 'गेमिंग डिसऑर्डर' आहे, पण त्याच्या खुणा ठरलेल्या आहेत: खेळण्यावर ताबा न राहणे, बाकी सगळ्यापेक्षा गेम मोठा होणे, नुकसान दिसूनही न थांबणे, आणि हे साधारण वर्षभर चालणे. पण पैसे चोरणे, रात्र रात्र जागणे किंवा शाळा बुडवणे सुरू झाले, तर वर्षभर थांबू नका. टेलिमानसच्या 14416 क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.

मुलगा किती तास खेळतो हे आपण विचारतोच. त्याला त्या गेममध्ये काय विकले जाते आहे, हेही शेजारी बसून एकदा बघा.