माझं वाक्य मला पूर्ण करू द्या

आमच्या वॉर्डात महिला राखीव जागा निघाली आणि मी फॉर्म भरला, तेव्हा समोरच्या पॅनेलचा प्रचार एकाच मुद्द्यावर चालला होता: "जिला धड बोलता येत नाही, ती तुमचं काय मांडणार?" मी लहानपणापासून अडखळत बोलते. 'प' किंवा 'क' आला की श्वास अडतो, मान ताठ होते आणि ऐकणारा दुसरीकडे बघायला लागतो. प्रचारात मी भाषण केलंच नाही. घरोघरी गेले, ओट्यावर बसले, पाण्याचं, रेशनकार्डाचं गाऱ्हाणं पुरतं ऐकून घेतलं. निवडून आले.

खरी अडचण त्यानंतर सुरू झाली. मासिक सभा भरभर चालते. विषय वाचला, सूचक कोण, अनुमोदक कोण, मंजूर, पुढचा विषय. पटकन बोलेल त्याचंच म्हणणं प्रोसिडिंगला चढतं. माझा शब्द बाहेर पडेपर्यंत कुणीतरी मदत म्हणून माझं वाक्य पुरं करायचं. हेतू वाईट नसायचा, पण पुरं झालेलं वाक्य माझं नसायचं.

दिव्यांग निधीच्या विषयात हे फार लागलं. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. माझ्या वॉर्डात एक मुलगी आहे, तिला ऐकू येत नाही. तपासणीसाठी जिल्ह्याच्या रुग्णालयात जायला घरात गाडीभाडं नाही, आणि तपासणी झाल्याशिवाय प्रमाणपत्र नाही, युडीआयडी कार्ड नाही. मला प्रमाणपत्रासाठी गाडीची सोय मागायची होती. "प्र... प्र..." इथवर आले आणि शेजारचे अप्पा म्हणाले, "प्रवेशद्वाराला रॅम्प म्हणतायत ताई." सगळ्यांनी माना डोलावल्या. ठराव मंजूर, सूचक म्हणून माझं नाव. रॅम्प हवाच होता, पण त्या मुलीची अडचण पायऱ्यांची नव्हती.

पुढच्या सभेआधी मी माझे विषय लिहून ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे दिले. सरपंचताईंच्या घरी जाऊन सांगितलं, "मी मध्येच थांबले म्हणजे माझं बोलणं संपलं असं नाही. मला वेळ द्या." सभेत अप्पा मदतीला सरसावले, तसा ताईंनी हात वर केला आणि म्हणाल्या, "त्यांचं त्यांना बोलू द्या." मी बोलले. कुणी घड्याळ बघितलं असेल तर बघू दे. गाडीचा ठराव झाला, आणि त्या मुलीबरोबर गावातले आणखी काही जण त्याच गाडीनं तपासणीला गेले. त्यांच्या घरच्यांनी आजवर हा विषय कुठे काढलाच नव्हता.

७३ वी घटनादुरुस्ती झाली नसती आणि २०११ मध्ये महाराष्ट्रानं स्थानिक संस्थांत निम्म्या जागा बायकांना दिल्या नसत्या, तर मला कुठल्याच पॅनेलनं घेतलं नसतं, हे मला पक्कं ठाऊक आहे. मी बाई म्हणून आत आले. अडखळणाऱ्या माणसासाठी मात्र असं दार नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचा आणि भाषा दोष आहे, पण तो स्वरयंत्र काढल्यामुळे किंवा मेंदूच्या आजारासारख्या शारीरिक कारणानं आलेला, कायमचा. लहानपणापासून तोतरं बोलणारे सहसा त्यात बसत नाहीत. जे बसतात, त्यांनाही आपल्या ग्रामपंचायतीत राखीव जागा नाही. तामिळनाडूनं २०२५ मध्ये कायदे बदलून स्थानिक संस्थांवर दिव्यांग सदस्य नेमायची तरतूद केली. महाराष्ट्रानं निदान तेवढं तरी करावं. मला विचाराल तर नेमणुकीपेक्षा मतं मागून निवडून येणं मोठं, कारण मग मागे वॉर्ड उभा असतो.

कायदा बदलायला वेळ लागेल. सभेची रीत मात्र आज बदलता येते, तिला कुणाची मंजुरी लागत नाही. तुमच्या गावच्या ग्रामसभेत कुणी अडखळत बोलायला उठलं, तर त्याला त्याचं वाक्य पूर्ण करू द्या, आणि तो म्हणेल तेच प्रोसिडिंगला लिहून घ्या.