कागलच्या माळावर समुद्राची तार

कोल्हापूरहून पुणे-बंगळूर महामार्गाने निपाणीच्या दिशेनं निघालात, की वीसेक किलोमीटरच्या आत कागल येतं. राजर्षी शाहू महाराज ज्या घाटगे घराण्यातून दत्तक आले, त्या घराण्याचं हे गाव. याच परिसरात कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहत आहे. ‘पंचतारांकित’ ऐकून तुम्हांला हॉटेल आठवलं ना? पण इथं गालिचे नाहीत. इथं फौंड्रीत लोखंड वितळतं, लेथवर सुटे भाग कातले जातात, मागावर कापड विणलं जातं.

आणि मी तुम्हांला इथं आणलंय ते शिडाच्या बोटीवरचा रेडिओ समजावून सांगायला! हसू नका. समुद्र इथून सरळ रेषेत शंभरेक किलोमीटर लांब आहे, मध्ये सह्याद्री आडवा आहे, हे मलाही ठाऊक आहे. पण बोटीवर जे बघायचं, त्यातलं निम्मं इथं रस्त्याच्या कडेलाच आहे.

तो विजेचा खांब बघा. तो झुकू नये म्हणून त्याला तिरक्या तारेचा ताण दिलाय. त्या तारेत चिनी मातीचा अंड्यासारखा एक गोळा दिसतोय का? हात लावू नका बरं का, लांबूनच बघा! वरून चुकून वीज उतरली, तर ती या गोळ्यापाशी थांबते. खाली उभ्या असलेल्या माणसापर्यंत पोचत नाही. आणखी एक गंमत अशी, की दोन्ही बाजूंच्या तारांचे फास त्यात एकमेकांत अडकवलेले असतात. गोळा फुटला तरी तार सुटत नाही, खांब उभाच राहतो.

आता कारखान्याच्या कुंपणाजवळचा तो छोटा चौकोनी खड्डा बघा. तो अर्थिंगचा. आत धातूची पट्टी किंवा नळी पुरलेली असते. भोवती मीठ आणि कोळसा घालतात आणि उन्हाळ्यात वरून पाणी ओततात. ओल्या, खारट मातीतून वीज सहज जमिनीत जाते.

गोळा आणि मीठ, या दोन गोष्टी लक्षात ठेवा आणि चला गोव्याला. निपाणी, आजरा, आंबोलीचा घाट, सावंतवाडी असं करत पणजी. तिथून जुन्या गोव्याला जाऊन फेरीबोटीत बसलं, की मांडवी नदीतलं दिवाडी बेट येतं. याच बेटावरच्या रत्नाकर दांडेकर यांच्या ॲक्वेरियस शिपयार्डमध्ये ‘म्हादेई’ ही शिडाची बोट तयार झाली. २००९-१० मध्ये नौदलातले दिलीप दोंदे तिच्यातून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करून मुंबईला परतले. असं करणारे ते पहिले भारतीय. नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी २०१७-१८ मध्ये जिच्यातून जगाला फेरी मारली, ती ‘तारिणी’ही इथलीच.

भर समुद्रात बोटीपासून किनारा हजारो किलोमीटर दूर असतो. मग बोलायचं कसं? बंदराजवळचा रेडिओ साधारण नजरेच्या टप्प्याइतकाच पोचतो. लांब बोलायला लघुलहरी लागतात. पृथ्वीभोवती शंभर-तीनशे किलोमीटर उंचीवर विद्युतभारित हवेचे थर आहेत. लघुलहरी तिथून वळून पुन्हा खाली येतात, अगदी कॅरमची सोंगटी कड घेऊन येते तशा.

पण या लहरींना एरियल लांब लागते. एवढी लांब तार बोटीवर ताणायची कुठं? खलाशांनी युक्ती काढली. डोलकाठीच्या माथ्यापासून बोटीच्या मागच्या टोकापर्यंत एक पोलादी दोर ताणलेलाच असतो. तो नसला तर काठी पुढं कोसळेल. त्याला बॅकस्टे म्हणतात. हा दोर वर एकदा आणि खाली एकदा कापायचा आणि दोन्ही ठिकाणी वीज अडवणारा गोळा बसवायचा. मधला तुकडा झाली एरियल! गोळा मात्र खांबावरच्यासारखाच हवा, फुटला तरी दोर न सोडणारा. नाहीतर रेडिओच्या हौसेपायी डोलकाठीच जायची. खालचा गोळा डेकवर उभ्या माणसाचा हात पोचणार नाही इतक्या उंच बसवतात, कारण बोलणं चालू असताना त्या तारेला हात लागला तर चांगलंच भाजतं.

तार किती लांब घ्यायची? हिशेब तुम्हीच करा. ३०० ला मेगाहर्ट्‌झच्या आकड्यानं भागलं, की लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते. संकटकाळी बोलण्यासाठी ८.२९१, १२.२९ आणि १६.४२ मेगाहर्ट्‌झ अशा जागा राखून ठेवलेल्या आहेत. त्यांच्या लहरी साधारण ३६, २४ आणि १८ मीटरच्या. आता तार लहरीच्या बरोबर निम्मी आली, तर रेडिओ आणि तार यांचा मेळ घालणाऱ्या ट्यूनरची पंचाईत होते. म्हणजे १८, १२ आणि ९ मीटर टाळायचे. मग साडेदहा मीटर कशी वाटते? छान!

राहिलं अर्थिंग. बोट फायबरग्लासची, तिच्यातून वीज जात नाही. म्हणून ट्यूनरपासून रुंद तांब्याची पट्टी खाली नेऊन पाण्यातल्या धातूच्या भागाला जोडतात. कागलला पोत्यातून मीठ आणावं लागतं. इथं सगळा समुद्रच खारट!

एवढा खटाटोप कशासाठी, ते आता सांगतो. ‘सुहैली’ ही सागवानी बोट १९६० च्या दशकात आपल्या मुंबईत बांधली गेली. ती घेऊन रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १४ जून १९६८ रोजी इंग्लंडहून एकटे निघाले. वाटेत त्यांचं संदेश पाठवण्याचं यंत्र बंद पडलं. नोव्हेंबरमध्ये न्यूझीलंडजवळ ते लोकांना दिसले, त्यानंतर साडेचार महिने काहीच खबर नाही! घरच्यांचं काय झालं असेल? एप्रिल १९६९ मध्ये एका तेलवाहू जहाजाला त्यांनी दिव्यानं खुणा केल्या, तेव्हा ते जिवंत असल्याचं जगाला कळलं. २२ एप्रिलला ते घरी पोचले. कुठंही न थांबता एकट्यानं जगप्रदक्षिणा करणारे ते पहिले.

त्याच ‘सुहैली’च्या आराखड्यावरून दिवाडीला ‘थुरिया’ बांधली गेली. २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत अभिलाष टॉमी तिच्यातून निघाले. २१ सप्टेंबरला दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात बोट उलटली, डोलकाठी मोडली आणि त्यांच्या पाठीला जबर दुखापत झाली. काठी गेली, की तिच्यावर ताणलेली एरियलही जाते, हे ध्यानात आलं ना? उपग्रहामार्फत मजकूर पाठवणाऱ्या छोट्या यंत्रावरून त्यांनी खबर दिली. नौदलाच्या विमानानं बोट शोधली आणि २४ तारखेला ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजानं त्यांना वाचवलं. म्हणून शहाणा खलाशी एका तारेवर कधी विसंबत नाही. सुटी एरियल जवळ ठेवतो आणि उपग्रहाचा फोनही. पुढच्याच शर्यतीत, २०२३ मध्ये, टॉमी दुसरे आले, बघा!

तेव्हा पुन्हा कधी कागलवरून गेलात, तर खिडकीतून त्या खांबाच्या ताणाकडं जरूर पाहा. तसलाच एक गोळा या क्षणी कुठंतरी भर समुद्रात वाऱ्यावर थरथरत असेल, आणि त्याच्या खाली कुणीतरी माइक तोंडाशी धरून विचारत असेल, “हॅलो, माझा आवाज येतोय का?”