रूचा चेहरा

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझी भाची आठ दिवस माझ्याकडे राहायला आली होती. नववीत आहे. ‘द हंगर गेम्स’ची पुस्तकं वाचून संपवली होती आणि आता सिनेमा बघायचा म्हणून माझ्या मागे लागली होती. रात्री जेवणं उरकून आम्ही दोघी लॅपटॉपसमोर बसलो. पडद्यावर रू दिसली तसं तिने मला कोपराने ढोसलं.

“खाला, वाचताना तुला रू अशीच दिसली होती?”

“हो, अशीच,” मी म्हणाले.

हे खोटं होतं. सिनेमा पुढे सरकत राहिला, पण माझं लक्ष त्या खोट्यापाशीच अडकलं.

ज्यांनी पुस्तक वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. सुझॅन कॉलिन्स यांची ही कादंबरी २००८ साली आली. पॅनेम नावाच्या देशात बारा जिल्हे आहेत. दरवर्षी प्रत्येक जिल्ह्याने बारा ते अठरा वयाचा एक मुलगा आणि एक मुलगी राजधानीला पाठवायची. या चोवीस जणांनी एकमेकांना मारायचं, उरेल तो जिंकला, आणि हे सगळं टीव्हीवर दाखवायचं. सोळा वर्षांची कॅटनिस आपल्या धाकट्या बहिणीच्या, प्रिमच्या, जागी जाते. तिथे तिला अकराव्या जिल्ह्यातली बारा वर्षांची रू भेटते. रू दिसते तेव्हाच लेखिका दोन गोष्टी सांगते. एक, तिची त्वचा आणि डोळे गडद तपकिरी आहेत. दोन, अंगकाठीने आणि वागण्याने ती प्रिमची आठवण करून देते.

मी दुसरी गोष्ट लक्षात ठेवली आणि पहिली गाळली. प्रिम गोरी, सोनेरी केसांची. म्हणून माझी रूही तशीच झाली. गंमत म्हणजे शब्द मी वाचले होते, समजलेही होते, पण मनातल्या चित्रात ते उतरलेच नाहीत.

२०१२ साली गॅरी रॉस यांचा सिनेमा आला आणि रूच्या भूमिकेत अमांडला स्टेनबर्ग ही कृष्णवर्णीय मुलगी होती. पुस्तकात होतं तसंच. तरी काही प्रेक्षकांनी ट्विटरवर नाराजी व्यक्त केली. रू काळी आहे हे कळल्यावर तिच्या मरणाचं तितकं वाईट वाटलं नाही, असंही कुणी लिहिलं. त्या बातम्या वाचून मी संतापले होते. माणसं इतकी कोती कशी असतात, असं मैत्रिणींशी तावातावाने बोलले होते. माझ्या मनातली रूही त्यांच्याच रूसारखी होती, हे मात्र मी कुणाला सांगितलं नाही. फरक एवढाच की मी तक्रार केली नाही. मुकाट्याने चित्र बदललं.

पुस्तकावरून सिनेमा निघाला की आपण वाचणारे लोक लगेच निकाल देतो, ‘पुस्तकच चांगलं होतं’. मीही वर्षानुवर्षं हेच म्हणत आले, आणि त्यात खोटंही काही नाही. कुमारवयीन मुलांच्या या कादंबऱ्या बहुधा ‘मी’ने सांगितलेल्या असतात. हंगर गेम्समध्ये कॅटनिसला जे दिसत नाही ते वाचणाऱ्यालाही दिसत नाही. रू गेल्यावर ती तिला रानफुलांनी सजवते, आणि मग आकाशातून छोट्या पॅराशूटला बांधलेला एक पाव येतो. काळपट धान्याचा, चंद्रकोरीच्या आकाराचा, वरून बिया लावलेला. अकराव्या जिल्ह्याच्या गरीब लोकांनी, ज्यांचं स्वतःचं पोट भरत नाही त्यांनी, परक्या जिल्ह्यातल्या मुलीला तो पाठवलेला असतो. त्या पावाने मला रडवलं होतं. सिनेमात तो पाव नाही. त्याऐवजी अकराव्या जिल्ह्यात उसळलेली दंगल आहे. शिवाय सिनेमा आपल्याला खेळ चालवणाऱ्यांच्या नियंत्रण कक्षात नेऊन बसवतो. पुस्तकात मी रिंगणात, कॅटनिसच्या श्वासात होते. इथे मी मुलांना मरताना बघणारी प्रेक्षक झाले. पटकथेत स्वतः कॉलिन्सबाईंचाही हात आहे, तेव्हा लेखिकेला न विचारता हे झालं असंही म्हणता येत नाही.

म्हणजे पाव गेला तो सिनेमामुळे. पण रूचा खरा चेहरा मला मिळाला तोही सिनेमामुळेच. पुस्तकाने मला हवं ते गाळायची मुभा दिली होती, सिनेमाने ती दिली नाही.

मग तो गोरा चेहरा माझ्या मनात आला कुठून? मी काही अमेरिकेत वाढलेली नाही. तालुक्याच्या गावी, एसटी स्टँडच्या मागच्या मोहल्ल्यात वाढले. अब्बा एसटीत कंडक्टर होते. ड्युटीवरून येताना वाचनालयातून माझ्यासाठी पुस्तकं आणायचे. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे मी अधाशासारखा वाचला. फुरसुंगीचा बनेश सायकलवरून सुटला की मी त्याच्या मागे. पुढे बारा-तेरा वर्षांची असताना मी स्वतःच एक साहसकथा लिहिली. चाळीस पानी वही भरली. त्यात चोर होते, भुयार होतं, आणि चोर पकडणारी चार मुलं होती. अमित, नंदू, शैला आणि मीना.

अब्बांनी खाकी कपड्यांतच, चहा थंड होईपर्यंत ती वही वाचली. चांगली आहे म्हणाले. मग विचारलं, “इसमें अपने मोहल्ले का कोई नै क्या, बेटा?”

मी म्हणाले, “अब्बा, असली गोष्ट आपल्या मोहल्ल्यात कशी घडेल?”

ते काही बोलले नाहीत. वही नीट मिटून माझ्या हातात दिली.

याचा अर्थ असा नव्हे की आपल्या नावाचा नायक असेल तरच गोष्ट आपली होते. मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ मी आली तेव्हाच वाचली. आणीबाणीच्या काळातला नववीतला मुकुंद जोशी, त्याचं घर माझ्या घरासारखं नव्हतं, आणि मी मुलगाही नव्हते. तरी बाकावर बसून शिरोडकरकडे बघताना त्याचा जो जीव वरखाली होतो, तो माझाच होता. सुजय डहाके यांचा सिनेमाही मला आवडला. मुकुंदचं मनातल्या मनात चाललेलं बोलणं पुस्तकात पानोपानी आहे. तेवढं सिनेमात मावणार नव्हतं, म्हणून बरंचसं काम त्या मुलांच्या नजरांनी केलं. दुसऱ्याच्या घरात शिरायला मला कधीच अडचण आली नाही. अडचण होती ती वेगळीच. माझ्याही घरात कुणाला तसं शिरावंसं वाटेल, यावर माझा विश्वास नव्हता.

याचं कारण मला कळलं ते ‘द हेट यू गिव्ह’ वाचताना. अँजी थॉमस यांची ही कादंबरी २०१७ ची. सोळा वर्षांची स्टार काळ्या वस्तीत राहते आणि गोऱ्यांच्या महागड्या शाळेत जाते. दोन्हीकडे तिची बोलण्याची तऱ्हा वेगळी. तिचा बालमित्र खलील निःशस्त्र असताना पोलिसाच्या गोळीने मरतो, आणि साक्षीदार ती एकटीच असते. पुढच्याच वर्षी सिनेमा आला. स्टारच्या भूमिकेत कोण, तर तीच अमांडला स्टेनबर्ग. रू मोठी होऊन परत आल्यासारखं मला वाटलं. सिनेमा सुरू होतो तो एका घरातल्या टेबलापाशी. पोलिसाने अडवलं तर हात कुठे ठेवायचे, कसं बोलायचं, हे बाप आपल्या लहान मुलांना शिकवतो आहे.

मी तिथे सिनेमा थांबवला आणि पाणी प्यायले. ती वही लिहिली त्याच्या आदल्या वर्षी, डिसेंबर १९९२ नंतरच्या दिवसांत, अब्बांनी आम्हा बहिणींना समोर बसवून सांगितलं होतं, “प्रवासात अम्मी-अब्बा म्हणून हाका मारायच्या नाहीत. आई-बाबा म्हणायचं.” स्वतःच्याच गाडीत त्यांनी आम्हाला हे करायला लावलं. आम्हाला तो खेळ वाटला. आम्ही तो छान खेळलो, आणि बहुतेक त्यानंतर वहीतही खेळत राहिले.

भाचीने हेही पुस्तक वाचलंय. सिनेमाच्या शेवटावरून आमचं भांडण झालं. सिनेमात स्टारचा छोटा भाऊ सेकानी बापाचं पिस्तूल उचलतो, पोलीस त्याच्यावर बंदुका रोखतात आणि स्टार मध्ये उभी राहते. पुस्तकात असं काही नाही. तिथे वस्तीतली माणसं भीती सोडून गुंडाविरुद्ध तोंड उघडतात. मला तो शेवट मोठा वाटतो. एकट्या मुलीच्या धैर्यापेक्षा घाबरलेल्या शेजाऱ्यांचं धैर्य मला जास्त दुर्मीळ वाटतं. ती म्हणाली, “पण लहान मुलांना द्वेष दिला की काय होतं, ते पुस्तकात कळतं. सिनेमात दिसतं ना, खाला.” दोघींनीही माघार घेतली नाही.

जायच्या आदल्या रात्री मी तिला रूबद्दल खरं सांगितलं. तिने डोळे मोठे केले. “अगं, पण पुस्तकात लिहिलंय!”

“मी वाचलं होतं.”

“मग?”

मग मी तिला अमित, नंदू, शैला आणि मीनाची गोष्ट सांगितली. ती खूप हसली, आणि मग हसायची थांबली.

गेल्या आठवड्यात तिने मला फोनवर एक गोष्ट पाठवली. अजून अर्धीच आहे. नायिका सानिया, राहणार एसटी स्टँडच्या मागे. तिचे नाना कंडक्टर, आणि शेवटच्या गाडीत विसरलेल्या एका पेटीचं रहस्य. खाली लिहिलंय, ‘सिनेमा निघाला तर सानिया मी होणार. नाना कोण, ते तू ठरव.’

मी रोज कुणाचा ना कुणाचा चेहरा लावून बघते. अब्बांना शोभेल असा अजून सापडलेला नाही.