पान न हलवता

ब्राउझरमध्ये एखादं पान उघडा आणि एफ१२ दाबा. कडेला एक पट्टी उघडते. तिच्यातल्या ‘नेटवर्क’ या भागात ‘फेच/एक्सएचआर’ अशी एक कळ असते. ती दाबली की चित्रं, फाँट, जाहिराती गळून पडतात आणि उरतात त्या एक्सएचआर नावाच्या निरोप्याच्या खेपा. एका ओळीत एक खेप: कुठे गेला, किती मिलिसेकंदांत परतला, काय आणलं. वर पान निवांत दिसतं. गाड्यांची यादी, खात्यातली शिल्लक, नुकतंच आलेलं पत्र, सगळं आपापल्या जागी अलगद उमटत असतं. खाली हा धावत असतो.

आपण म्हणतो, अमक्याशिवाय इथलं पान हलत नाही. याचं उलट आहे. हा आहे म्हणून पान हलत नाही. त्याचं सगळं मोठेपण त्यातच आहे, असं मी मानतो.

तो येण्यापूर्वी पान फार हलायचं. सर्व्हरकडून काहीही हवं असलं तरी रीत एकच होती: लिंक किंवा बटण दाबायचं, समोरचं पान टाकून द्यायचं, कोऱ्या पडद्याकडे बघत थांबायचं आणि अख्खं नवं पान घ्यायचं. वेब घडलं ते एकमेकांना जोडलेले दस्तऐवज वाचण्यासाठी. वाचणाऱ्याला तेवढं पुरत होतं, काम करणाऱ्याला नाही. मायक्रोसॉफ्टमध्ये एक्स्चेंज या टपाल-सर्व्हरवर काम करणाऱ्यांना हे बोचलं, कारण ते ब्राउझरमध्ये चालणारं आउटलुक घडवत होते. एका पत्रावर टिचकी मारली की सगळी पेटी पुन्हा मांडायची, असं टपाल कोण वाचणार? त्यांच्यातल्या अ‍ॅलेक्स हॉपमन यांनी पानाच्या आतूनच सर्व्हरकडे निरोप नेईल असा एक छोटा घटक लिहिला. मार्च १९९९ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ५ बरोबर तो जगात आला.

त्याचं पूर्ण नाव एक्सएमएलएचटीटीपीरिक्वेस्ट. एवढं लांब नाव कुणी घेत नाही, बोलताना तो ‘एक्सएचआर’च असतो. नावाची हकिकत हॉपमन यांनीच पुढे सांगितली. ब्राउझर जवळजवळ तयार झाला होता, त्यात नवं काही घुसवायला वाव नव्हता. एक्सएमएल वाचणारी एक लायब्ररी मात्र त्याच्यासोबत जाणारच होती. तिच्यात याला बसवलं, आणि तिथे बसायला काही कारण हवं म्हणून नावापुढे एक्सएमएल लागलं. आजोळी वाढलेल्या मुलाला आजोळचंच आडनाव चिकटावं, तसं ते कायमचं राहिलं. प्रत्यक्षात त्याला एक्सएमएलचं काही बंधन नाही. साधा मजकूर द्या, एचटीएमएलचा तुकडा द्या, पुढे सगळ्यांनी उचललेला जेसन द्या, तो नेतो आणि आणतो.

नाव असं उसनं, आणि कीर्तीही दुसऱ्याच नावाने झाली. मोझिलाने त्याला आपल्या ब्राउझरमध्ये स्वतंत्र जागा दिली, मग २००४ मध्ये सफारीने आणि २००५ मध्ये ऑपेराने. १ एप्रिल २००४ ला जीमेल आलं आणि पत्रपेटी पान न बदलता चालू शकते हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलं. फेब्रुवारी २००५ मध्ये जेसी जेम्स गॅरेट यांनी एका लेखात या साऱ्या पद्धतीला ‘एजॅक्स’ असं सुटसुटीत नाव दिलं, आणि पुढची काही वर्षं नोकरीच्या प्रत्येक जाहिरातीत तो शब्द होता. हा निरोप्या तेव्हा सहा वर्षांचा होत आला होता.

माझी त्याची गाठ त्यानंतरच्या वर्षी पडली. पुण्यात एका कामासाठी चाळीसेक रकान्यांचा फॉर्म आम्ही केला होता. त्यात जिल्हा निवडला की तालुक्यांची यादी बदलायची, तालुका निवडला की गावांची. प्रत्येक निवडीला पान पुन्हा यायचं, आणि आमच्या चुकीमुळे वर भरलेले काही रकाने रिकामे व्हायचे. तो फॉर्म दिवसाला शेकड्याने भरणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी त्यावर उपाय शोधला होता: आधी जिल्हा, तालुका, गाव, आणि मग वर जाऊन नाव. कागदावरचा क्रम मोडून, रोज, प्रत्येक अर्जाला. मी त्यांच्या मागे अर्धा तास उभा राहिलो तेव्हा मला हे कळलं, आणि लाज वाटली.

मग एक्सएचआर लिहिला. तेव्हा तो सहज हाती येत नसे. या ब्राउझरमध्ये आहेस का, असं आधी विचारायचं, नसला तर जुन्या इंटरनेट एक्सप्लोररमधल्या अ‍ॅक्टिव्हएक्सच्या दाराने बोलवायचं. मग ‘ओपन’ म्हणून पत्ता सांगायचा, ‘सेंड’ म्हणून धाडायचं. दुसऱ्या दिवशी बाईंनी जिल्हा निवडला, हात सवयीने माउसवर थांबला, आणि शेजारच्या रकान्यात तालुके येऊन बसले. नाव जिथल्या तिथे होतं. त्या म्हणाल्या, “सर, पान गेलंच नाही की!”

त्याच्या स्वभावातली मला सर्वांत भावलेली गोष्ट म्हणजे तो वाटेवरून खबर देत राहतो. त्याच्याजवळ ‘रेडीस्टेट’ नावाचा एक आकडा असतो, शून्य ते चार. शून्य म्हणजे नुसता जन्मला आहे. एक म्हणजे पत्ता कळला. दोन म्हणजे उत्तराचं पाकीट हाती आलं, वरचा मजकूर वाचला. तीन म्हणजे आतलं पत्र उलगडतंय. पत्र मोठं असलं तर ही खबर पुन्हा पुन्हा येते. चार म्हणजे खेप संपली. नवशिके इथे हमखास फसतात. चार म्हणजे ‘काम झालं’ असं नव्हे, ‘मी परतलो’ एवढंच. काम झालं की नाही ते वेगळ्या आकड्यात पाहायचं: २०० असेल तर ठीक, ४०४ असेल तर त्या पत्त्यावर कुणी नाही, ५०० असेल तर सर्व्हरच्या घरातच काही बिघडलंय. आणि वाटेतच दगाफटका झाला, तर तो शून्य घेऊन उभा राहतो. न मिळालेलं मिळालं म्हणून तो कधी सांगत नाही.

आपल्या लिपीचं ओझंही तो निमूट वाहतो. वेबच्या पत्त्यात देवनागरी अक्षर थेट बसत नाही. त्याचे यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट होतात आणि प्रत्येक बाइट टक्क्याचं चिन्ह लावून लिहावा लागतो. ‘पुणे’ या शब्दात प, उकार, ण आणि एकार अशी चार चिन्हं. त्यांचे बारा बाइट, आणि पत्त्यात छत्तीस अक्षरं. परत येताना सर्व्हरने लिपीविषयी काही सांगितलं नसेल, तर आणलेला मजकूर तो यूटीएफ-८ समजूनच वाचतो. ज्या काळात मराठी पानं उघडली की चौकोन आणि प्रश्नचिन्हं दिसायची, त्या काळात त्याच्या या एका गृहीतकाने आमचे तालुके आणि गावं धड शब्दांत आणली.

त्याच्यावर एक कडक बंधन आहे आणि डेव्हलपर त्याबद्दल जितके करवादतात तितकं क्वचितच कशाबद्दल करवादत असतील. ज्या घरातून पान आलं त्याच घरी त्याने जावं, हा मूळ नियम. घर म्हणजे तीन गोष्टी मिळून: प्रोटोकॉल, यजमानाचं नाव आणि पोर्ट. एकही बदलली की घर परकं. कारण समजून घेतलं तर राग जातो. तो निघतो तेव्हा त्या घरच्या कुकीज त्याच्या झोळीत असतात. सर्व्हर माणसाला ओळखतो तो त्यांच्यावरून. तुम्ही एका टॅबमध्ये बँकेत शिरलेले आहात आणि दुसऱ्या टॅबमध्ये कुणा अनोळखी माणसाचं पान उघडलंत. त्या पानाने याला तुमच्या ओळखीवर बँकेत पाठवलं आणि खात्याचा उतारा वाचून घेतला, तर? म्हणून कुंपण.

पुढे वेबवर एकेक सेवा वेगवेगळ्या घरी गेली, नकाशा एकीकडे, पैसे दुसरीकडे, हवामान तिसरीकडे. तेव्हा कुंपणाला रीतसर फाटक केलं. त्याला कॉर्स म्हणतात. जानेवारी २०१४ मध्ये वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने त्याला शिफारशीचा दर्जा दिला. परवानगी देण्याचा हक्क तिथे परक्या घराच्या यजमानाकडे असतो: अमुक पानाला माझं उत्तर वाचू द्या, असं त्याने उत्तरासोबतच लिहून द्यावं लागतं. जोखमीचं काम असेल तर ब्राउझर आधी दुसरा माणूस पाठवून विचारून घेतो. साध्या कामाला मात्र तो जातो, उत्तर घेऊन परततो, आणि चिठ्ठी नसेल तर ब्राउझर दारातच ते उत्तर त्याच्या हातून काढून घेतो. पानाला कळतो फक्त शून्य. कित्येक रात्री मी त्या शून्यापुढे काढल्या आहेत, तरी हे कुंपण असायलाच हवं.

त्याच्या हातून त्रास होतो तो दोन प्रकारे, आणि दोन्हींत पाठवणाऱ्याचीच चूक असते. ‘ओपन’ला तिसरा शब्द नकाराचा दिला, तर तो परतेपर्यंत सगळं पान गोठतं, ना टिचकी लागते, ना अक्षर उमटतं. ज्याचा जन्मच थांबवून न ठेवण्यासाठी झाला, त्याला असं राबवणं मला सहन होत नाही. ब्राउझरही आता त्यावर ताकीद देतात. दुसरा प्रकार शोधपेटीतला. माणसाने ‘पु’ लिहिलं, एक निघाला. ‘पुणे’ लिहिलं, दुसरा निघाला. पहिला वाटेत रेंगाळला आणि मागाहून आला, तर ‘पुणे’च्या खाली पुरंदर आणि पुसद दिसतात. प्रत्येक खेपेला आपल्यापुरतंच ठाऊक. नवा धाडण्याआधी जुन्याला ‘अबॉर्ट’ म्हणून मागे बोलवायला हवं होतं, हे पाठवणाऱ्याने जाणायचं.

२०१५ मध्ये याच कामासाठी ‘फेच’ आला. बोलायला सोपा, आटोपशीर, नव्या वळणाचा. नवं काम मीही त्यालाच सांगतो. पण अ‍ॅक्सिऑससारखी लायब्ररी वापरणारे कित्येक जण नकळत अजून या जुन्यालाच धाडत असतात, कारण ब्राउझरमध्ये ती आपणहून एक्सएचआरकडेच वळते. आणि एक काम असं आहे जिथे मला अजून तोच हवा असतो: फाइल वर चढवताना. किती बाइट गेले हे फेच मला जाता जाता सांगत नाही. हा सांगतो.

म्हणून कुणी मुलगी फोन उंच धरून, जिथे रेंज येते तिथे उभी राहून, शिष्यवृत्तीच्या अर्जाला वडिलांचा उत्पन्नाचा दाखला जोडत असेल, तर पडद्यावरची निळी पट्टी त्याच्या शब्दावर सरकत असते. बावीस टक्के. बावीस टक्के. एकेचाळीस. पान तिथेच, भरलेलं नाव तिथेच. पट्टी शंभराला टेकते, पण रेडीस्टेटचा आकडा अजून एकवरच असतो. दाखला पोचलाय, उत्तर यायचं आहे.